अकरावीला मानसशास्त्र घेऊन नेमकं काय पदरात पडतं?

गोदाकाठचा_मामा

नमस्कार मंडळी. भाचीला दहावीला ८८ टक्के पडलेत. गाव निफाड तालुक्यात, घरी द्राक्षबाग आणि थोडा कांदा. तिला कला शाखेतून मानसशास्त्र घ्यायचंय. गावाजवळच्या कॉलेजात हा विषय नाही, म्हणून आमच्याकडे नाशिकला, इंदिरानगरात राहून शिकायचं म्हणते. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन झालेत, पसंतीक्रम भरायची मुदत डोक्यावर आली आहे.

ताईची हरकत नाही. दाजींचं म्हणणं, "एवढे मार्क पाडून येड्यांचं शिकणार का? सायन्स घे, नाहीतर सरळ डी.एड.चं बघ."

करिअरचे धागे इथे खंडीभर आहेत, मला ते नकोय. ज्यांनी सोळाव्या-सतराव्या वर्षी हा विषय वर्गात बसून शिकलाय, पुढे त्यात काही केलं असो वा नसो, त्यांना तेव्हा आणि नंतर काय उपयोग झाला? झाला नसेल तर तेही मोकळेपणाने लिहा. दाजींना धागा वाचायला देणार आहे. ते सगळं वाचतात, लिहीत नाहीत.

चिवडा_पार्सल

जागा धरून ठेवतोय. दाजी, रामराम!

अंजिरी

मी घेतला होता, नाशिकलाच. पुढे बी.कॉम. केलं, आज अंबडला एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. म्हणजे तुमच्या प्रश्नात मी अगदी बसते.

माझ्या लक्षात राहिली ती प्रात्यक्षिकं. एक लाकडी पाट, त्यावर उभा आरसा, हात दिसू नये म्हणून वर पत्र्याचा आडोसा. कागदावर दुहेरी रेघांची चांदणी छापलेली. आरशात बघत पेन्सिल त्या दोन रेघांमधून फिरवायची. सरळ बाजू जमते. टोकाशी वळायची वेळ आली की पेन्सिल आडमुठ्या बैलासारखी भलतीकडेच निघते. आमच्या वर्गातली पहिल्या नंबरची मुलगी तिथे रडकुंडीला आली आणि मागच्या बाकावरचा एक पोरगा दोन फेऱ्यांत सफाईने गिरवायला लागला. दर फेरीला किती सेकंद, रेघेला किती वेळा स्पर्श, सगळं तक्त्यात भरायचं आणि आलेख काढायचा. मग कळायचं की उजव्या हाताने सराव केला तर डाव्या हाताचा वेळही कमी होतो.

त्यातून "मला वाटतं" आणि "तक्त्यात काय आलंय" या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची सवय लागली. आज पुरवठादार समोर बसून "ताई, आपला माल एक नंबर" म्हणतो तेव्हा मी हसून रिजेक्शनचा तक्ता मागते.

दुसरा फायदा अभ्यासाच्या पद्धतीचा. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये विस्मरणाचा आलेख मांडला. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि किती वेळाने किती उरतं ते मोजायचं. पहिल्या काही तासांतच भराभर गळतं, मग गळती मंदावते. हे कळल्यावर रात्रभर घोकंपट्टी बंद केली.

सातपूरकर

अंजिरी, छान लिहिलंय, पण आरशातली चांदणी गिरवायला दोन वर्षं लागतात का? आमच्या वर्कशॉपमध्येही आम्ही मोजमाप शिकलोच की.

माझा आक्षेप वेगळा आहे. अर्धवट वयात अर्धवट ज्ञान. माझा पुतण्या अकरावीला हा विषय घेऊन बसलाय. सहा महिन्यांत घरातल्या प्रत्येकाला त्याने आजार वाटलेत. आजी देवघर दोनदा पुसते म्हणून तिला ओसीडी. मी चिडलो की बायपोलर. त्याच्या आईने फोन मागितला की "टॉक्सिक". मामा, भाचीला जरूर पाठवा, पण घरात तुम्ही राहणार आहात हे ध्यानात असू द्या.

चिवडा_पार्सल

आजी दोनदा पुसते? आमच्याकडे तीनदा. आता गप्प बसतो.

मास्तरीणबाई

मी कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय शिकवते. (कुठे ते विचारू नका, विद्यार्थी इथे असतात.)

सातपूरकर, तुमचा पुतण्या दरवर्षी माझ्या वर्गात असतो. मानसिक विकारांचं प्रकरण सुरू झालं की निम्मा वर्ग "मॅडम, मला हेच आहे" म्हणत स्टाफरूमच्या दाराशी. वैद्यकीयच्या मुलांचंही पहिल्या वर्षांत असंच होतं. फरक एवढाच की हे शब्द पोरांकडे आधीच आलेले असतात, रील्समधून. मी शिकवलं नाही म्हणून ते वापरायचे थांबणार नाहीत. वर्गात आले तर निदान निकष तरी कळतात: किती काळ, किती तीव्र, रोजच्या जगण्यात अडथळा येतो का. नैराश्याचं निदान करायला लक्षणं किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ असावी लागतात, आणि तेही निदान तज्ज्ञाने करायचं. चाचणीत कमी मार्क पडले म्हणून एक रात्र रडणं नैराश्यात बसत नाही. हे समजल्यावर पुष्कळशी "नैराश्यं" तिथल्या तिथे बरी होतात. आणि एखादी मुलगी मात्र गप्प होते, सगळे गेल्यावर थांबते. तिच्यासाठी ते प्रकरण शिकवायचं.

अंजिरीच्या मुद्द्यात भर घालते. रोडिगर आणि कार्पिक या दोघांचा २००६ चा प्रयोग मी अकरावीला पहिल्याच आठवड्यात सांगते. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो एकदा वाचून मिटला आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. पिवळ्या मार्करने अख्खं पान रंगवणाऱ्या मुलांना मी हे आकडे फळ्यावर लिहून दाखवते. पुढे ती भूगोलाचा अभ्यासही पुस्तक मिटून करायला लागतात.

कांदाचाळ

दाजी वाचत असतील तर माझं खास त्यांच्यासाठी.

मी लासलगावकडचा. बारावीला मानसशास्त्र होतं, कारण त्या गटात जागा शिल्लक होती. उगाच मोठेपणा नाही सांगत. पुढे शेतीच केली.

डोक्यात बसलं ते एकच, नांगराचा परिणाम म्हणा (शेतातला नव्हे, जहाजाचा नांगर; इंग्रजीत अँकरिंग). ट्व्हर्स्की आणि कानेमन यांनी १९७४ ला मांडलेलं. मनात आधी एखादा आकडा शिरला की पुढचा सगळा हिशेब त्या आकड्याभोवतीच फिरतो. आता बघा, मागच्या साली शेजाऱ्याच्या गाडीला लिलावात चांगला भाव पुकारला गेला. तो आकडा गावभर झाला. यंदा बाजार त्याच्या निम्म्यावर. माणूस म्हणतो, "तेवढा आल्याशिवाय चाळ फोडायची नाही." खाली कांद्याला मोड फुटतोय, चाळीच्या कडेने पाणी सुटून वास येतोय, वजन रोज घटतंय, आणि आपण रोज सकाळी मोबाईलवर बाजारभाव बघून पुन्हा ताडपत्री ओढतोय.

त्याच दोघांनी १९७९ ला दुसरं मांडलं, की तोटा आपल्याला तेवढ्याच फायद्यापेक्षा जास्त झोंबतो. म्हणून माणूस तोटा पदरात घेऊन मोकळा होत नाही, ताणत बसतो. कानेमनला २००२ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्व्हर्स्की तोवर वारला होता.

हे शिकून मी श्रीमंत झालो का? नाही. सरकारने निर्यातीवर काही केलं की मानसशास्त्र बाजूला राहतं. पण आता भाव खर्चाशी ताडून बघतो, मागच्या सालाशी नाही. टप्प्याटप्प्याने विकतो. अख्खी चाळ एकाच आकड्यावर लावत नाही.

सातपूरकर

हे मात्र पटलं. आमच्या साहेबांना शेअरच्या बाबतीत पाठवतो.

भटकी_भिंगरी

रच्याकने, मामा, मिसळ कुठली? धागा नाशिकचा आहे आणि अजून मिसळ आली नाही म्हणजे मंडळी आजारी आहेत का?

चिवडा_पार्सल

काळ्या मसाल्याची, पापडासकट, मळ्यात बसून. बाकी सगळं बंडल.

भटकी_भिंगरी

आता पटलं, सगळे ठणठणीत आहेत.

गोदाकाठचा_मामा

अहो, मिसळीचा वेगळा धागा आहे, चारशे प्रतिसाद झालेत त्यावर. इथे मुलीचा फॉर्म अडलाय!

निळा_शर्ट

माझं आयडी नाव असं का आहे ते सांगतो, विषयाशी संबंध आहे.

द्वारका चौकात संध्याकाळी एक दुचाकीवाला घसरून पडला. गर्दी जमली, अर्ध्यांनी मोबाईल काढले. "अरे कोणीतरी फोन करा" असा ओरडा चाललेला. एक कॉलेजची मुलगी पुढे आली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "निळा शर्ट, तुम्ही १०८ ला फोन लावा. काका, तुम्ही गाड्या बाजूने काढा." मी मुकाट्याने लावला. नंतर चहा पिताना विचारलं, तू डॉक्टरकीला आहेस का? म्हणे, नाही, बारावी आर्ट्स. मानसशास्त्राच्या पुस्तकात आहे, गर्दीत प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल, म्हणून एकाला धरून काम सांगायचं.

मी इंजिनिअरिंगची चार वर्षं काढली, मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

शंकासूर

त्या मुलीचं कौतुक आहेच. पण ज्या गोष्टीवर हा सिद्धान्त उभा केलाय ती गोष्टच फुगवलेली होती. १९६४ ला न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज नावाच्या तरुणीचा खून झाला, ३८ जणांनी खिडकीतून पाहिलं आणि कोणी काही केलं नाही, असं वर्तमानपत्रात आलं. पुढे निघालं की एवढे साक्षीदार नव्हतेच, आणि काहींनी हालचालही केली होती. पुस्तकं अजून तेच घोकतात. अशा कहाण्यांवर उभा असलेला विषय मुलांना का शिकवायचा?

मास्तरीणबाई

शंकासूर, कहाणी फुगवलेली होती हे बरोबर. पण सिद्धान्त बातमीवर उभा नाही. डार्ली आणि लटाने यांनी १९६८ ला प्रयोग केला. विद्यार्थ्याला खोलीत एकटं बसवून इंटरकॉमवरून गटचर्चा सुरू केली. मध्येच एकाला झटका आल्यासारखा आवाज. ऐकणाऱ्याला वाटत होतं की आपण एकटेच ऐकतोय, तेव्हा रुग्ण बोलत असतानाच ८५ टक्के मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं तेव्हा ३१ टक्के.

बातमी खोटी आणि प्रयोग खरा, हे दोन्ही मी एकाच तासाला शिकवते. छापील ते सगळं खरं नसतं हे पोरांना पाठ्यपुस्तकातल्याच उदाहरणावरून कळतं. दुसऱ्या कुठल्या विषयात अकरावीच्या मुलाला "हे पुस्तकात आहे पण तपासून घे" म्हणायची सोय आहे, सांगा बरं?

शंकासूर

असा तास असेल तर मी स्वतः येऊन मागच्या बाकावर बसतो. पण असा तास किती ठिकाणी होतो?

बारावीची_बळी

कुठेच नाही, निदान आमच्याकडे तरी. मी सध्या बारावीत आहे. लेखी ८० गुण, बाकीचे २० प्रकल्प-प्रात्यक्षिकाचे. ते २० असेच वाटले जातात. सीनियरची फाईल घ्यायची, नाव बदलायचं, नवीन कव्हर घालायचं. आरसा कपाटात आहे, कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते माहीत नाही. सर गाईडमधून "फरक स्पष्ट करा" लिहून देतात, आम्ही पाठ करतो. अभिजात अभिसंधान आणि साधक अभिसंधान (शिकण्याच्या दोन तऱ्हा) यातला फरक मी झोपेतही सांगेन, पण पाव्हलॉव्हचा कुत्रा सोडून तिसरं उदाहरण विचारू नका.

तरी एक सांगते. वसतिगृहात माझी खोलीमैत्रीण जेवेना, बोलेना, "मी नसले तर बरं" असं एकदा म्हणाली. बाकीच्या मुली तिला "पॉझिटिव्ह राहा" म्हणत होत्या. पुस्तकात होतं की असं बोलणं थट्टेवारी न्यायचं नाही, एकटं सोडायचं नाही, आणि गुपित म्हणून पोटातही ठेवायचं नाही. मी तिला सरळ विचारलं, मरायचे विचार येतात का. ती हो म्हणाली. त्या रात्री मी रेक्टर बाईंना उठवलं. मैत्रीण महिनाभर माझ्याशी बोलली नाही. आता बोलते. उपचार चालू आहेत.

मास्तरीणबाई

तुझ्या कॉलेजच्या कपाटाची किल्ली मिळो न मिळो, तू विषय शिकलीस. कोणाला गरज असेल तर: १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर, केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि सरळ विचारल्याने तसे विचार डोक्यात शिरतात, ही भीती निराधार आहे. विचारलेलं बरं.

सातपूरकर

बळी, तुला सलाम.

पण मग माझं म्हणणं आणखी पक्कं होतंय. हे सगळं, गर्दीत काय करायचं, मैत्रिणीला काय विचारायचं, अभ्यास कसा करायचा, हे फक्त कला शाखेतल्या एका गटाला का? आठवी-नववीला सगळ्यांना आठवड्याला एक तास ठेवा. त्यासाठी ८८ टक्केवालीने शाखा कशाला बदलायची?

अंजिरी

सातपूरकर, ठेवला तर तो तास गणिताच्या सर ढापणार. पीटीचा तास आठवतोय ना?

अटलांटाची_आत्या

माझी लेक इथे अमेरिकेत हायस्कूलमध्ये एपी सायकॉलॉजी (शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा विषय) घेते. सायन्सवाले, पुढे बिझनेस करणारे, सगळेच घेतात, शाखा वगैरे भानगड नाही. ही परीक्षा १९९२ पासून आहे आणि सर्वांत जास्त मुलं बसतात अशा एपी विषयांत गणली जाते. २०२४-२५ पासून अभ्यासक्रम बदलून पाच भाग केलेत आणि संशोधन वाचून त्यावर लिहायचं असा भाग वाढवलाय. लेकीचं म्हणणं, मेंदूचा भाग सर्वांत अवघड, बाकी मजा. मला मात्र जेवताना "आई, तू आता मला प्रबलन देते आहेस" (म्हणजे बक्षीस देऊन सवय लावते आहेस) असं ऐकावं लागतं.

राशीचक्रधर

इतकी चर्चा झाली, पण माणूस ओळखायला आपल्याकडे पत्रिका आहेच की. त्र्यंबकेश्वर जवळ आहे तुमच्या.

शंकासूर

आला आला! बर्ट्रम फोररने १९४८ ला वर्गातल्या ३९ मुलांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला "तुझं खास वर्णन" म्हणून कागद दिला. पाचपैकी गुण द्या म्हणाला, किती जुळतं? सरासरी ४.२६. मग कळलं, सगळ्यांच्या हातात तोच कागद, बराचसा बाजारातल्या राशिभविष्याच्या पुस्तकातून उतरवलेला. "तुम्ही वरून खंबीर पण आतून कधीकधी अस्वस्थ असता." असता ना, राशीचक्रधर?

राशीचक्रधर

असतो. पण तो मंगळामुळे.

चिवडा_पार्सल

हा धागा आता माझ्या निवडक दहात.

ओपीडी_नंबर_सहा

मी मानसोपचार विभागात काम करतो. मामांनी करिअर नको म्हटलंय, तरी दाजींच्या "येड्यांचं" या शब्दामुळे थोडं लिहितो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. तिथे अकरावीला सायन्स आणि बायोलॉजी लागतंच, पुढे 'नीट' ही प्रवेश परीक्षा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वेगळा. त्याला मानसशास्त्रातल्या पदव्यांनंतर मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. त्या परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. बारावीला मानसशास्त्र नसलं तरी पदवीला घेता येतं, म्हणून कोणी "आत्ता घेतलं नाही तर दार बंद" म्हणाला तर विश्वास ठेवू नका. आणि छोटासा सर्टिफिकेट कोर्स करून "काउन्सेलर" अशी पाटी लावलेले दवाखाने शहरात वाढलेत, त्यांच्यापासून सांभाळा.

एकच गोष्ट जीव तोडून सांगतो. गणित सोडू नका. या विषयात पुढे जाणाऱ्यांची बोंब संख्याशास्त्रात होते. सहसंबंध, प्रमाण विचलन आलं की एम.ए.ची मुलं घाम पुसतात. बारावीला कला शाखेतही गणित व संख्याशास्त्र घेता येतं. कॉलेज ते मानसशास्त्राबरोबर देतं का, एवढं आधी विचारा.

कांदाचाळ

डी.एड.चं म्हणाल तर दाजी, तिथेही बालमानसशास्त्र आहेच. टीईटीला (शिक्षक पात्रता परीक्षेला) १५० पैकी ३० गुण बालविकास आणि अध्यापनशास्त्राचे. स्पर्धा परीक्षावाल्यांना यूपीएससीला हा वैकल्पिक विषय घेता येतो. पोरगी वाया जात नाही.

गोदाकाठचा_मामा

मंडळी, आभार. दाजींनी धागा रात्री बसून वाचला. सकाळी सातला फोन. मला वाटलं भाचीबद्दल बोलतील. म्हणाले, "हा कांदाचाळ कोण? त्याच्याकडे अजून माल आहे का, विचार."

मग म्हणाले, ती वसतिगृहातली पोरगी शहाणी आहे. आमच्या भावकीत एकाने बागेला गारपीट झाली त्या साली जीव दिला, तेव्हा घरात कोणालाच काही विचारायचं सुचलं नव्हतं. एवढं बोलून फवारणीचं सांगत बसले.

पहिल्या तीन पसंत्या कला शाखेच्या, मानसशास्त्रवाल्या कॉलेजांच्या टाकतोय. दाजींची अट: गणित सुटता कामा नये. चौथीपासून सायन्स, त्यांच्या समाधानासाठी. आता दोन शंका. कॉलेज निवडताना बघायचं काय? आणि आमच्याकडे महिनाभर पाहुणे आहेत, तोवर तिला गावाहून एसटीने ये-जा करावी लागेल, पासचं कसं असतं?

कांदाचाळ

माल आहे. दाजींना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा. भाव मागच्या सालचा नाही.

मास्तरीणबाई

प्रवेश पक्का करायच्या आधी एकदा कॉलेजात जाऊन या, भाचीला घेऊनच. ऑफिसात विचारू नका, थेट विभागात जा. विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहे की तासिका तत्त्वावर कोणी येतं ते विचारा. प्रात्यक्षिकाची खोली दाखवा म्हणा, आणि मागच्या वर्षीच्या दोन फाइली मागून घ्या. दोन्हीतले आकडे सारखे निघाले तर दुसरं कॉलेज बघा. मराठी माध्यमाचं पाठ्यपुस्तक बालभारतीचं आहे, संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतं. ती सुट्टीत चाळू शकेल.

भटकी_भिंगरी

पासचं: ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा पास मोफत असतो. तुमच्या गावाहून नाशिकपर्यंत बसतो का ते डेपोत विचारा, कॉलेजचा दाखला लागेल. नाही बसला तर महिलांना अर्धं तिकीट आहेच. सकाळच्या गाडीला निफाडपासूनच उभं राहावं लागतं, म्हणून पहिला तास कितीला आहे तेही त्याच फेरीत विचारून घ्या.